भूल आणि भूलथापा

ट्वायला स्टॅम्पर आमच्या आयसीयूत आठ-नऊ वर्षं नर्स होती. तेवढ्या काळात तिच्या तोंडच्या कुठल्याही वाक्यावर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवणारा माणूस आमच्या मजल्यावर उरला नव्हता. पेशंटच्या बाबतीत ती शब्दाची पक्की. औषधाचा डोस, लघवीचं माप, डॉक्टरांना केलेला फोन, यात कधी इकडचं तिकडे व्हायचं नाही. पण पेशंटच्या खोलीचा पडदा ओढून बाहेर आली, की बाईच्या अंगात दुसरंच वारं शिरायचं.

नवीन आलेल्या एका डॉक्टरला तिनं सांगितलं होतं, की केंटकी राज्याच्या नियमाप्रमाणे शुक्रवारी सगळ्या सह्या हिरव्या शाईनं करायच्या असतात. तो बिचारा महिनाभर खिशात हिरवं पेन घालून फिरत होता. एकदा तिनं स्वयंपाकघरात महापौरांच्या बायकोच्या आवाजात फोन लावला आणि आमच्यासाठी ट्रेभर बनाना पुडिंग वर मागवलं. हे सगळं करताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. ती हसायची ते नंतर, औषधांच्या खोलीत दार लावून. मी युनिटचा क्लार्क, माझं टेबल त्या दाराला लागून, त्यामुळे आतलं खिदळणं मला ऐकू यायचं.

तिच्या सगळ्या खोड्यांत डेन्व्हर नोबलची दाढी अव्वल नंबरची. डेन्व्हर आमच्याकडे व्हेंटिलेटर सांभाळायचा. गडी उंचपुरा, आणि दाढी छातीपर्यंत. शाळा सुटल्यापासून वाढवलेली. ट्वायलानं एक दिवस गंभीर तोंडानं त्याला सांगितलं, "सोमवारी तपासणीवाले येतायत. मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ते बघणार. दाढीवाल्यांना बिनपगारी घरी बसवतायत म्हणे." डेन्व्हरनं रविवारी दाढी काढली. त्याच्या कुत्र्यानं त्याला अंगणात येऊ दिलं नाही, आणि बायको संध्याकाळभर त्याच्याकडे बघून म्हणत राहिली, "अरे, तुला हनुवटीच नाही की रे." सोमवारी कोणीही आलं नाही.

"ट्वायला," डेन्व्हर तेव्हा म्हणाला होता, "मी घाई करणार नाही. पण तुझा नंबर लागेल."

आणि अशा या ट्वायलानं एका दुपारी जेवणाच्या खोलीत, मक्याच्या पावाचा तुकडा घेवड्याच्या रश्शात बुडवता बुडवता सांगितलं, "मी भूल द्यायला शिकायला जाणार आहे. नर्स अॅनेस्थेशियाच्या कॉलेजात अर्ज केलाय."

कोणी मान वर केली नाही.

"खरं सांगतेय."

"तू भूल कशाला शिकतेस?" डेन्व्हर म्हणाला. "भूलथापांची डिग्री तर तुला घरबसल्या मिळालीय."

सगळे हसले. ट्वायलाही हसली, पण पाव तसाच रश्शात ठेवून उठली. मला ते जरा खटकलं, कारण ती अन्न टाकणारी बाई नव्हती.

तिच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला पुढं कळलं. आदल्या हिवाळ्यात एका खाणकामगाराला आमच्याकडे आणलं होतं. फुप्फुसं धुळीनं भरलेली, श्वास घेता येईना, भीतीनं डोळे बाहेर आलेले. चौघांना आवरत नव्हता. तेव्हा खालून वर्डी फ्युगेट आली. वर्डीबाई म्हणजे आमच्या हॉस्पिटलात भूल देणारी नर्स, साठीच्या पुढची, अंगानं काडी. ती धावत आली नाही, चालत आली. त्या माणसाच्या डोक्यापाशी उभी राहिली, त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मी वर्डी. तुझ्या आईला मी ओळखते. आता तुला झोपवते, आणि तू उठेपर्यंत मी इथून हलणार नाही." त्याचे हात सैल पडले. मग तिनं औषध दिलं, नळी घातली, आणि खुर्ची ओढून खरंच तिथं बसून राहिली. ट्वायला त्याच खोलीत होती. तिनं त्याबद्दल कोणालाही चकार शब्द सांगितला नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि हसण्यासारखं नसलेलं काही सांगायची तिला सवय नव्हती.

ऑगस्टमध्ये एके सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून बारीक, किनरा, नाकातून चाललेला आवाज. "ट्वायला स्टॅम्पर आहेत का? मी लेमन प्रूइट बोलतोय. नर्स अॅनेस्थेशिया विभागाचा प्रमुख."

मी हाक मारली. ट्वायला आली, तिनं नाव ऐकलं, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि फोन कानाला लावला.

"हो का? मग मी केंटकीची गव्हर्नर बोलतेय," ती म्हणाली. "डेन्व्हर, आधी नाक सोड. कोंबडीचं अंडं अडकल्यासारखा काय बोलतोयस?"

पलीकडून काहीतरी किनरं आलं.

"मुलाखत? येते की. येताना तुझी दाढी पाकिटात घालून आणते." आणि तिनं फोन ठेवला.

तो लगेच परत वाजला. ट्वायलानं मला उचलूच दिला नाही. स्वतः उचलून म्हणाली, "निघालं का अंडं?" आणि ठेवून दिला.

तेवढ्यात सहा नंबरच्या पडद्यामागून डेन्व्हर व्हेंटिलेटर ढकलत बाहेर आला. दोन्ही हात मशीनवर, फोन कुठेच नाही. "काय गं," तो म्हणाला, "माझ्या नावानं कोणाला झापत होतीस?"

माणसाचा रंग कसा उतरतो ते आयसीयूत मी पुष्कळ बघितलंय, पण इतका झरझर उतरलेला कधी बघितला नव्हता. ट्वायला माझ्या खुर्चीत बसली. म्हणजे मी अजून उठलो नव्हतो, तरी बसली.

संध्याकाळपर्यंत कॉलेजकडून ईमेल आली. ऑक्टोबरमध्ये मुलाखतीला यावं. शेवटी एक ओळ होती: 'आपल्याशी दूरध्वनीवर संपर्क साधण्याचा प्रयत्न केला होता, तो पूर्णतः यशस्वी झाला नाही.' सही, लेमन प्रूइट.

आता मात्र आमचा सगळ्यांचा विश्वास बसला. तिनं खोटं रचलं असतं, तर इतकं वाईट कधी रचलं नसतं.

"मी जात नाही," ट्वायला म्हणाली. "कळवून टाकते, आजारी आहे म्हणून."

"कसला आजार सांगणार?" डेन्व्हरनं विचारलं. त्याच्या तोंडावर असा आनंद होता, की दाढी आल्यासारखा दिसत होता. "तोंडाचा?"

ती वर्डीबाईकडे गेली, तिच्याकडून सुटकेची परवानगी मिळेल म्हणून. अर्जासाठी भूल देणाऱ्याबरोबर काही दिवस उभं राहून काम बघावं लागतं, त्यासाठी ती आधीपासून तिच्याकडे जातच होती. वर्डीबाईनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "शनिवारी घरी ये. अभ्यास घेते. आणि हात धुऊन ये."

हात धुवायचे कशाला, ते शनिवारी कळलं. वर्डीबाईच्या पडवीत घेवड्याच्या हिरव्या शेंगांच्या बादल्या मांडून ठेवल्या होत्या. आमच्या डोंगरात शेंगा सुईदोऱ्यात ओवून, माळा करून हिवाळ्यासाठी सुकवतात. वर्डीबाईनं ट्वायलाच्या हातात सुई दिली आणि स्वतः झुल्यावर बसून प्रश्न विचारायला लागली. नाडी किती, दाब किती, कुठलं औषध, का, आणि त्यानं भागलं नाही तर काय.

ट्वायलाला पुष्कळ येत होतं. अडलं की मात्र ती थांबायची नाही. तोच सपाट चेहरा, तोच ठाम आवाज, आणि शुक्रवारच्या हिरव्या शाईइतकं खात्रीशीर काहीतरी ठोकून द्यायची. वर्डीबाई ऐकून घ्यायची आणि पायानं आणखी एक बादली तिच्याकडे सरकवायची.

तिसऱ्या बादलीला ट्वायलाच्या लक्षात आलं. "ही शिक्षा आहे का?"

"नाही, शेंगा आहेत," वर्डीबाई म्हणाली. "आत्ता जे उत्तर दिलंस ते तुला ठाऊक होतं?"

"साधारण."

"पोरी, मला 'साधारण' नको. मुलाखतीत ते तुला मुद्दाम ढकलत नेतात, तुझं संपेपर्यंत. त्यांना बघायचं असतं, की संपल्यावर ही काय करते. तू काय करतेस ठाऊक आहे? तू रंगवून सांगतेस. आणि इतकं छान सांगतेस, की मलाही क्षणभर खरं वाटलं. टेबलावर झोपलेला माणूस तुला 'खरं का?' असं विचारू शकत नाही. त्याला तूच झोपवलेलं असतं."

ट्वायला शेंगा ओवत राहिली.

"म्हण," वर्डीबाई म्हणाली. "'मला माहीत नाही.'"

"मला माहीत नाही."

"हसून नको. खांदे उडवून नको. नुसतं म्हण. मग म्हण, 'कोणाला विचारायचं ते माहीत आहे.'"

महापौरांच्या बायकोचा आवाज पहिल्या फटक्यात काढणाऱ्या बाईला हे तीन शब्द काही केल्या साधे म्हणता येईनात. कधी ते ऐटीत यायचे, कधी रडके, कधी टीव्हीवरच्या पाद्र्यासारखे. महिनाभर, दर शनिवारी, ती ते शब्द घोकत शेंगा ओवत राहिली. वर्डीबाईनं त्या वर्षी शेजारीपाजारी आणि चर्चमध्येही माळा वाटल्या. आम्हाला युनिटवर दोन आल्या.

इकडे आमची वेगळीच चिंता होती. डेन्व्हरनं ती मांडली. "सगळं येईल तिला. पण तो माणूस तोंड उघडेल आणि कोंबडी बोलेल. ही तिथंच फुटणार. तुम्ही बघा."

खरंच होतं. ट्वायला स्वतःच्या खोडीवर दार लावून हसू शकायची, पण दुसऱ्या कोणी अचानक गंमत केली की तिला आवरायचं नाही. आणि मुलाखतीच्या खोलीत औषधांची खोली नसते.

"तिला सवय लावायची," डेन्व्हर म्हणाला. "रोज थोडी थोडी कोंबडी."

तेव्हापासून आमचं आयसीयू कोंबडवाडा झालं. पेशंटसमोर सगळे नीट, आणि पडदा ओलांडला की ट्वायलाशी फक्त नाकातून बोलायचं. डेन्व्हर टाय लावून माझ्या टेबलामागं बसायचा आणि विचारायचा, "मिस स्टॅम्पर, तुम्ही स्वतःला पाच वर्षांनी कुठं बघता?" पहिल्या दिवशी ती एवढी हसली, की तिला खाली जिन्यात जाऊन बसावं लागलं. आठवड्यानं फक्त नाकपुड्या थरथरायच्या. आमची हेड नर्स एरवी कधी दात न दाखवणारी बाई, तिनंही एका सकाळी ड्यूटी लावताना किनऱ्या आवाजात सांगितलं, "स्टॅम्पर, दोन आणि तीन नंबर." ट्वायला म्हणाली, "हो, मॅडम," आणि डोळ्याची पापणी न हलवता निघून गेली. मागून आम्ही टाळ्या वाजवल्या.

सप्टेंबर संपता संपता डेन्व्हरनं जाहीर केलं, की पेशंटला लस लागू पडली आहे.

ऑक्टोबरमध्ये ती गेली. नवरा क्लेल बंद पडलेल्या गाड्या ओढून न्यायचा, तो तिला त्याच्या टो-ट्रकनंच घेऊन गेला, कारण घरातली चांगली गाडी नेमकी त्याच आठवड्यात बंद पडली होती. कॉलेजच्या आवारात गाडी उचलायला कोणी आलंय असं वाटून दोन विद्यार्थी धावत आपापल्या गाड्या हलवायला आले. तिथून पुढचं मला ट्वायलानं सांगितलं, आणि हे सांगताना ती कुठलाही आवाज काढत नव्हती, म्हणून मी ते जसंच्या तसं मानतो.

खोलीत तिघं होते. पिकल्या केसांची एक बाई, स्वतः भूल देणारी. शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी. आणि मधोमध बैलासारख्या खांद्यांचा, टकलू प्रूइट. ट्वायलानं पोटाचे स्नायू आवळले, नाकपुड्या तयार ठेवल्या. प्रूइटनं तोंड उघडलं.

"बसा, मिस स्टॅम्पर."

आवाज खाणीच्या तळातून आल्यासारखा. भरघोस, खर्जातला. खुर्चीच्या पाठीला कंप सुटावा असा.

इतक्या आठवड्यांची लस वाया. कोंबडीची तयारी केलेल्या बाईसमोर बैल हंबरला, आणि तिला आतून जे हसू फुटलं ते तिनं खोकून गिळलं. पिकल्या केसांच्या बाईनं पाणी पुढं केलं. ट्वायला ते सगळं पाणी प्यायली आणि मनात म्हणाली, हा दुसराच कोणीतरी प्रूइट असावा, देवा, असू दे.

त्या बाईनं विचारलं, भूल द्यायलाच का शिकायचंय. वर्डीबाईबरोबर ट्वायलानं या प्रश्नाचं एक चकचकीत उत्तर बसवलं होतं. ते तिला आठवेना. तिनं खाणकामगाराची गोष्ट सांगितली. खुर्ची ओढून बसलेल्या वर्डीबाईची. "मला तसं बसता यायला हवंय," ती म्हणाली. "एवढंच आहे." स्वतःच्या तोंडून इतकं सरळ वाक्य ऐकून तिला कपडे न घालता बाहेर आल्यासारखं वाटलं.

मग औषधं सुरू झाली. एकामागून एक, वर्डीबाई म्हणाली होती तशीच ढकलत ढकलत. दाब पडलाय, हे दिलं, ते दिलं, तरी पडलाय, आता काय. शेवटी विद्यार्थ्यानं विचारलं, की मिथिलीन ब्लू नावाचं जे निळं औषध अगदी अडल्यावर देतात, ते शरीरात नेमकं काय अडवतं.

ट्वायला सांगते, की तिच्या जिभेवर त्या क्षणी एक देखणं उत्तर तयार झालं. त्यात पेशीच्या भिंती होत्या, कॅल्शियम होतं, एक जर्मन शास्त्रज्ञही होता. ते सगळं तिनं तिथल्या तिथं बनवलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्यानं लघवी हिरवी-निळी होते, तेवढं मी पाहिलंय. आत काय करतं ते माहीत नाही. कोणाला विचारायचं ते माहीत आहे."

विद्यार्थ्यानं मान हलवली. पिकल्या केसांच्या बाईनं काहीतरी लिहिलं.

आणि मग प्रूइट पुढं सरकला. "सोपं विचारतो. फेनिलेफ्रीन दिलं. दाब वाढला. नाडीचं काय होईल?"

"मंदावेल."

"आमच्या इथं नवीन अभ्यास झालाय," प्रूइट खर्जात म्हणाला, "त्यात ती वाढते असं दिसलंय. स्पष्टपणे वाढते. तुमचं पुस्तक जुनं आहे, मिस स्टॅम्पर. काय म्हणाल?"

विभागप्रमुख. हातात कागद. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. दुसरी कोणी असती, तर मान डोलावली असती. ट्वायलानं त्याच्याकडे नीट बघितलं. तो इतर दोघांकडे अजिबात बघत नव्हता, जरा जास्तच नेमानं बघत नव्हता. आणि विद्यार्थी टेबलाच्या कडेचा टवका नखानं काढत होता. हसू दाबत असा टवका काढणारी माणसं तिनं आयुष्यभर आपल्या आजूबाजूला बघितली होती.

"सर," ती म्हणाली, "मी ते औषध कित्येक पेशंटना देताना नाडी मंदावलेलीच पाहिलीय, आणि तुमच्या अभ्यासाखातर मी पेशंटकडे बघायचं सोडणार नाही. एक तर तो अभ्यास चुकलाय, किंवा तुम्ही मला फसवताय. आणि फसवाफसवीतलं मला जरा कळतं."

प्रूइटनं कागद खाली ठेवला. तो कोरा होता.

"कळतं खरं," तो म्हणाला. "फोनवर जाणवलं होतं."

ट्वायलाच्या कानांपर्यंत रक्त चढलं. "सर, त्या दिवशी—"

"त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. घसा बसला होता, नाक बंद." त्यानं कोरा कागद बाजूला सरकवला. "अंडं निघालं. आता बरं आहे. तुमच्या चौकशीबद्दल आभार."

पिकल्या केसांची बाई चष्मा काढून डोळे पुसायला लागली. तिघांनाही ठाऊक होतं, सकाळपासून.

पण इतकं सगळं होऊनही तिला लगेच प्रवेश मिळाला नाही. प्रतीक्षा यादीत टाकलं. डेन्व्हर दोन दिवस तिला काही बोलला नाही. आमच्याकडे त्याला सहानुभूती म्हणतात. फेब्रुवारीत कोणीतरी जागा सोडली आणि हिचा नंबर लागला. आम्ही निरोपाला सफरचंदाचा थरांचा केक आणला. ती गेल्यावर मजला इतका शांत झाला, की नवीन डॉक्टरांनी काहीही सांगितलं तरी आम्ही सरळ खरं मानायला लागलो. त्याची सवय व्हायला आम्हाला वेळ लागला.

तीन वर्षांनी ती आमच्याच हॉस्पिटलात परत आली. वर्डीबाईचे गुडघे तोवर बोलायला लागले होते, तिनं भुलीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली ट्वायलाच्या हाती दिली आणि पडवीतल्या झुल्यावर जाऊन बसली.

गेल्या वसंतात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टेबलावर झोपवल्यावर डोक्यापाशी ट्वायला. टोपी, मास्क, वर नुसते डोळे. मी म्हणालो, "काही करणार असशील तर आत्ताच सांगून टाक. माझं वय झालंय."

"दात हलतो का एखादा?" तिनं विचारलं.

"नाही."

"सकाळपासून काही खाल्लंस? खरं सांग, होबर्ट."

"काही नाही."

मग ती माझ्या कानाशी वाकली आणि कुठलाही आवाज न काढता, तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आता झोपवते. तू उठेपर्यंत मी इथंच आहे."

उठलो तेव्हा ती तिथंच होती. मॉनिटरकडे बघत बसलेली. तिनं माझी नाडी बघितली, दुखतं का विचारलं आणि पांघरूण नीट केलं. ती गेल्यावर मी हळूच पाय बाहेर काढून बघितले, नखांना लाल रंग वगैरे लावलाय का. मग तोंडावरून हात फिरवला, भुवया जागेवर आहेत का ते चाचपलं. सगळं जसंच्या तसं होतं. सांगायला हरकत नाही, मला थोडं वाईटच वाटलं.